वाफेच्या मोटारीबद्दल सदाला

म्हार्दोळ, फोंडा
१२ डिसेंबर

प्रिय सदा,

सप्रेम नमस्कार.

फोनवर तू हसलास, म्हणून सविस्तर लिहायला बसलो. वाफेवर चालणारी मोटार खरंच आहे आणि मी ती चालवलीय. आमच्या वाड्यावर एक निवृत्त जहाज-इंजिनियर राहतात, त्यांची. अमेरिकन स्टॅन्ली कंपनीची, वय शंभराच्या पुढे. मी धारबांदोड्याच्या कारखान्यात बॉयलरवर होतो हे कळल्यावर त्यांनीच बोलावणं धाडलं.

बॉनेट उघडलं तर आत इंजिनच नाही! ते मागच्या अ‍ॅक्सलला जोडलेलं. पुढे नुसता उभा बॉयलर, २३ इंच व्यासाचा, आत साडेसातशेच्या आसपास बारीक नळ्या, आणि बाहेरून गुंडाळलीय चक्क पियानोची तार. पत्रा जाड केला असता तर वजन वाढलं असतं, म्हणून ही युक्ती. प्रेशर चौरस इंचाला ६०० पौंड, म्हणजे आपल्या हिशेबात चौरस सेंटिमीटरला ४२ किलो. एवढं प्रेशर मांडीपुढे घेऊन बसायचं म्हटल्यावर मी आधी सेफ्टी व्हॉल्व्ह कुठे आहे ते बघून घेतलं.

पेटवायला अर्धा तास लागतो. आधी पेट्रोलचा पायलट, म्हणजे छोटी ज्योत, तो बर्नरची नळी तापवतो, मग रॉकेल आत जाताजाताच वाफ होऊन निळा जाळ धरतं. निघताना मात्र घाई नाही करायची. थंड सिलिंडरात शिरलेली पहिली वाफ पाणी होते, आणि पाणी दाबलं जात नाही, सिलिंडरच फुटायचा, हे तुला काय सांगायचं! ड्रेन कॉक, म्हणजे हे पाणी बाहेर सोडणारे नळ, उघडे ठेवून गाडी हळूच पुढेमागे करायची, फुसफुस कोरडी झाली की मगच रस्त्यावर.

क्लच नाही, गिअर नाही. स्टिअरिंगखाली वाफेची एक दांडी, रिव्हर्सला पायात पेडल. दोन सिलिंडर, दोन्ही बाजूंनी वाफ घेणारे, क्रँक काटकोनात, त्यामुळे डेड सेंटरला, म्हणजे पिस्टन अगदी टोकाला असताना, अडकायची भानगड नाही. फर्मागुडीच्या चढावर एका ट्रकमागे थांबावं लागलं. ट्रक पहिल्या गिअरवर रडत निघाला. मी दांडी बोटभर ओढली आणि आमची गाडी आवाज न करता वर सरकली. इंजिनियरसाहेब गालात हसत होते.

पण रस्त्याकडे बघणं हे चौथ्या नंबरचं काम. आधी गेज ग्लास, म्हणजे बॉयलरमधलं पाणी दाखवणारी काचेची नळी, मग वाफेचं प्रेशर, मग रॉकेलचं. पाणी खाली गेलं तर नळ्यांचे सांधे तापून गळायला लागतात. ड्रायव्हर कसला, शिफ्टवरचा अटेंडंटच!

आणि पाणी किती पिते! गॅलनमागे जेमतेम मैलभर, कारण वाफ सरळ बाहेर सोडते. अमेरिकेत या गाड्या रस्त्याकडेच्या घोड्यांच्या हौदांवर तहान भागवायच्या. १९१४ मध्ये तिकडे जनावरांत लाळ्या-खुरकतीची साथ आली, हौद बंद झाले, तेव्हा कुठे स्टॅन्लीवाल्यांनी वाफेचं पुन्हा पाणी करणारा कंडेन्सर बसवायला घेतला. आमची त्याआधीची. मंगेशीजवळ एका विहिरीत होज सोडला, वाफेच्या झोतानेच पाणी वर ओढून घेतलं. कळशी घेऊन आलेली एक म्हातारी बघत राहिली, मग म्हणाली, “रे, ही गाडी उदक पिता?”

तुला वाटेल खेळणं आहे. १९०६ मध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर फ्रेड मॅरियटने स्टॅन्लीच पळवली होती, ताशी २०५ किलोमीटरने! पण १९१२ मध्ये कॅडिलॅकने पेट्रोलच्या मोटारीला विजेचा स्टार्टर दिला. मग रोज सकाळी अर्धा तास बर्नरपुढे कोण बसणार? माझ्यासारखा निवृत्त, दुसरं कोण.

आता तुझ्याकडे काम. गेज ग्लासला एक बारीक चीर दिसतेय. ती बदलेपर्यंत गाडी पेटवायची नाही, असं मी साहेबांना ठणकावून सांगितलंय. कोल्हापुरात उद्यमनगरला मापाने काच कापून देणारा कुणी आहे का, बघ. माप सोबतच्या चिठ्ठीत लिहिलंय. दोन जास्तीच्या घे. काचेच्या टोकांतून गळू नये म्हणून लागणारं ग्लँड पॅकिंगही आण, आणि स्वतःच घेऊन ये. वहिनींना घेऊन आलास तरी चालेल, मागची सीट रिकामीच असते.

तुझा,
विनायक