आण्णा, तुमचा पगार बंद झालेला नाही

हडपसर, रविवार

ती. आण्णा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं की आण्णा "हां हां, बघतो" म्हणतात आणि फोन आईच्या हातात देतात. म्हणून कागदावर लिहितेय. चष्मा सापडला नाही तर आई वाचून दाखवेल.

आण्णा, श्रावणबाळ योजनेचा पगार, म्हणजे सरकारचं म्हातारपणाचं निवृत्तिवेतन, चार महिने आला नाही हे मला परवा आईच्या तोंडून निसटलं तेव्हा कळलं. त्याच रात्री तुमचा आधार नंबर टाकून पाहिलं; ओटीपी माझ्याच मोबाइलवर येतो ना. पगार बंद नाहीये, तो दुसऱ्या खात्यात जातोय. पूर्वी तहसीलची यादी बँकेत जायची आणि पैसे तुमच्या जुन्या पासबुकात पडायचे. डिसेंबर 2024 पासून ते सरळ आधारला जोडलेल्या खात्यात पडतात, आणि आधार सगळ्यात शेवटी ज्या खात्याला जोडलं असेल, तेच खातं धरतात. देवळात खाती उघडायचा कॅम्प लागला होता, तुम्ही घोळक्यात उभं राहून अंगठा देऊन आलात, आठवतं? तेच ते खातं. दीड हजाराप्रमाणे चार महिन्यांचे 6,000 तिथेच पडून असणार.

तुम्ही तीन वेळा तालुक्याला गेलात. एसटीला अर्धं तिकीट, पण एसटीचा नेम नाही म्हणून काळी-पिवळीला पूर्ण पैसे. खिडकीवरून तिन्ही वेळा एकच उत्तर, "वरून आले नाहीत." आधार कुठल्या खात्याला जोडलंय हे बघायला दोन मिनिटं लागतात, ती कुणी काढली नाहीत. आणि तुम्ही तरी मला का नाही सांगितलं? "दीड हजारासाठी पोरीला कशाला त्रास" हे तुमचं नेहमीचं. मागे उत्पन्नाच्या दाखल्याच्या वेळीही तेच. "मुलगी पुण्याला कामाला आहे ना?" असं कुणीतरी म्हणालं आणि तुम्ही मान खाली घालून परत आलात. श्रावणबाळला वर्षाला 21,000 च्या उत्पन्नाची मर्यादा आहे आण्णा, म्हणजे घरात महिन्याला 1,750. तुमची कमाई आणि आईची पेन्शन धरूनही तुम्ही दोघं त्याच्या आत आहात. मी लग्न होऊन दुसऱ्या घरात आहे. यात लपवण्यासारखं काय आहे?

आता आई, तुझं. पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याला मशीन अंगठा घेत नाही म्हणून तू तीनदा साबणाने हात धुतलेस म्हणे. साबणाने काय होणार? पत्र्याचा फर्मा ठेवून कात्रीने पान कापायचं, तंबाखू भरून वळायची, टोक नखाने दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. रोज हजार विड्या, तीसेक वर्षं. मी लहान असताना तू माझ्या पाठीवरून हात फिरवायचीस तेव्हाही बोटं गुळगुळीत लागायची. नगर-नाशिकच्या पट्ट्यात विड्या वळलेल्या किती बायका त्या मशीनपुढे अशाच अंगठा दाबत उभ्या राहत असतील. ज्या कामाची पेन्शन, त्याच कामाने बोटावरच्या रेषा नेल्या! आणि पेन्शन किती, तर हजार. 2014 ला किमान हजार ठरली, ती अजून तेवढीच.

पण अंगठ्यावाचून अडत नाही. आता मोबाइलच्या कॅमेऱ्यात चेहरा दाखवूनही दाखला निघतो. फक्त सांगितलं की डोळ्यांची उघडझाप करायची. ओट्यावर उजेडात बसून होईल. भविष्यनिर्वाह निधीवाल्यांच्या (पीएफच्या) पेन्शनला, म्हणजे तुझ्या पेन्शनला, नोव्हेंबरातच दाखला द्यायची सक्ती राहिलेली नाही, दिला त्या तारखेपासून वर्षभर चालतो. तेव्हा रांगेत जाऊ नकोस. आणि तो बाजारपेठेतला माणूस दोनशे रुपयांत करून देतो म्हणाला होता, त्याला आधार कार्ड बिलकूल द्यायचं नाही.

मी दुसऱ्या शुक्रवारी रात्री मुक्कामाला येते. तुझा पीपीओचा, म्हणजे पेन्शन मंजूर झाल्याचा कागद पेटीत गोधडीखाली आहे, तो काढून ठेव. त्यावरचा नंबर लागेल. आण्णा, कॅम्पवाल्यांनी दिलेलं कार्ड शोधा. कोनाड्यात पंचांगामागे नसेल तर कोऱ्या धोतराच्या घडीत बघा, तुम्ही महत्त्वाचं तिथेच खुपसता. सोमवारी रजा टाकलीय, आपण दोघं त्या बँकेत जाऊ. तोवर कुठल्याही कागदावर अंगठा नको, कॅम्प असो नाहीतर कुणी ओळखीचा असो.

शेंगदाण्याची चटणी करत बसू नकोस आई, मागची अजून अर्धी बरणी आहे.

तुमची,
ताई