बाबा, आता रात्रीचं दारं धरणं बंद

नागपूर

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, तोडीनंतर फुटणाऱ्या उसाला, आपल्या खोडव्याला, ठिबक सिंचन करायचं मी पक्कं केलंय. दुकानदाराशी बोलले, महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अनुदानासाठी तुमच्या नावानं अर्जही भरला. आधी विचारलं नाही, रागावू नका. विचारलं असतं तर तुम्ही 'पुढच्या वर्षी बघू' म्हणाला असता. रात्रपाळीची लाईट, डोक्यावर गेलेला ऊस, सरीत घोणस, आणि गुडघा धरून बॅटरीच्या उजेडात सरीत पाणी वळवायला दारं मोडणारे तुम्ही. इथं माझ्या जिवाला घोर लागतो. शेत तुमचंच, निर्णय तुमचेच. फक्त रात्री चिखलात उतरायचं नाही. पंपाचं बटण गडी दाबेल.

अर्जाला पूर्वसंमती येईपर्यंत दुकानातून ठिबकचं साहित्य उचलू नका, नाहीतर अनुदान अडकतं.

तोड झाली की पाचट, तो वाळलेला पाला, पेटवू देऊ नका. बुडखे जमिनीलगत छाटून घ्या. उंच राहिले तर वरच्या डोळ्यांतून फुटवा कमजोर येतो. पाचट सरीत दाबून एकरी ३२ किलो युरिया, ४० किलो सुपर फॉस्फेट टाका. पाचट कुजवणारं ४ किलो जिवाणू संवर्धन शेणखतात मिसळून वेगळं पसरा, मग पाणी द्या. पुढचा युरिया, पांढरा पोटॅश ठिबकमधूनच जाईल. पहारीनं भोकं पाडून पाठ मोडायला नको. सुपर फॉस्फेट मात्र टाकीत घालू नका, नीट विरघळत नाही, तोट्या चोक होतात.

नदीचं पाणी गढूळ, म्हणून वाळूचा फिल्टर सांगितलाय. त्याच्या दाब दाखवणाऱ्या दोन्ही गेजमध्ये अर्ध्या किलोचा फरक दिसला की उलटं पाणी सोडून धुवायला लावा. आठवड्यातून एकदा नळ्यांची टोकं उघडून स्वच्छ पाणी येईस्तोवर वाहू द्यायचं. पाणी फार दिवस बंद ठेवू नका, कोरड्या नळ्या उंदीर कुरतडतात.

आई, तू सोललेल्या कांड्यांची गोडी इथल्या रसवंतीत नाही गं. नळ्या अंथरून झाल्या की दोघं या. महाराष्ट्र एक्सप्रेस कराडहून थेट नागपूरला येते, खालचे बर्थ मी काढते. खोली तळमजल्यावर आहे, गिझर आहे, भाकरीला ज्वारीचं पीठ गिरणीतून ताजं आणते. देवघरही तुझ्या उंचीला लावलंय. मार्चअखेर परत सोडीन, इथलं ऊन तुम्हाला सोसायचं नाही.

बाबांची उपाशीपोटीची साखर या आठवड्यातच तपास आणि रिपोर्टचा फोटो पाठव. चहात चोरून गूळ घालू देऊ नकोस.

तुमची,
ताई