‘री ओढली’ आणि ‘मंजूर मंजूर’

महोदय,

सहकारी संस्थांच्या वार्षिक सभांचा हंगाम आला की कोल्हापूरच्या बातम्यांत तीन प्रयोग हमखास दिसतात. सभासदांनी नेत्यांची ‘री ओढली’, संचालक ‘यस मॅन’ ठरले आणि सर्व विषय ‘एकमताने मंजूर’ झाले. तिन्ही एकाच अर्थाने, हाताला लागतील तसे वापरले जातात. त्यामुळे मंडपात नेमके काय घडले हेच वाचकाला कळत नाही.

‘री ओढणे’ हा गाण्यातला शब्द आहे. पोवाड्यात शाहीर डफावर ओळ टाकतो. ती संपता संपता मागचे झीलकरी शेवटचे शब्द उचलतात आणि ‘जी जी जी’ करीत वरच्या सुरात लांबवतात. तेवढ्यात शाहिराला दम घ्यायला मिळतो. झीलकरी जरा आधी घुसला तर शाहिराचा शेवटचा शब्द गिळला जातो. उशिरा आला तर मध्ये खड्डा पडतो आणि रंग उतरतो. म्हणजे री ओढणाऱ्याला पुढचा काय म्हणतो ते कान देऊन ऐकावेच लागते. फक्त स्वतःची ओळ त्याच्याकडे नसते. एका पुढाऱ्याने मांडलेला मुद्दा दुसऱ्याने त्याच शब्दांत पुन्हा मांडला, तर खुशाल ‘री ओढली’ लिहावे. खुर्चीत बसून नुसता हात वर करणाऱ्याने री ओढलेली नसते. शाहीर पिराजीराव सरनाईकांच्या गावात तरी हा फरक पुसला जाऊ नये.

‘यस मॅन’ची तर गरजच नाही. ‘होयबा’ हा आपल्या तोंडातला शब्द आहे. इकडे ‘हो’पेक्षा ‘होय’ अधिक चालते आणि ‘बा’ हे जवळिकीने हाक मारणे. विचारणारा कोणी असो, उत्तर ठरलेले, तो होयबा. ‘नंदीबैल’ त्याहून वेगळा. गुबुगुबु वाजवीत दारात आलेला नंदीवाला ‘पाऊस पडंल का?’ असे विचारतो आणि बैल मान वरखाली हलवतो. त्याच बैलाला आडवी मान हलवून ‘नाही’ म्हणायलाही शिकवलेले असते. दोन्ही उत्तरे मालकाच्या इशाऱ्यावर. म्हणून वरून निरोप आला म्हणून एखाद्या ठरावाला ‘नामंजूर’ म्हणणारा संचालकही नंदीबैलच, होयबा मात्र नव्हे. आणि ‘हांजी हांजी’ करणाऱ्याला त्यातून काही पदरात पाडून घ्यायचे असते. हेतू माहीत नसताना बातमीदाराने हा शब्द वापरणे म्हणजे त्या माणसावर आरोप करणे आहे.

‘तळी उचलणे’ही असेच सैल वापरले जाते. खंडोबाच्या तळीत ताम्हणात पाने, सुपारी, खोबरे, भंडारा ठेवून पाच-सात जण चारी बाजूंनी हात लावून ते एकदम उचलतात आणि येळकोट करतात. हे उघड उघड बाजू घेणे आहे, गप्प बसून संमती देणे नव्हे.

त्या गप्प संमतीला ‘मम म्हणणे’ हा शब्द आहे. गुरुजी संकल्प सांगतात, यजमान तळहातावर पाणी घेऊन ‘मम’ एवढेच म्हणतो. काय मागितले, कोणत्या मंत्राने मागितले, हे त्याला बहुधा ठाऊक नसते. याच गावात १८९९ साली पंचगंगेच्या घाटावर आपल्यासाठी वेदोक्त नव्हे तर पुराणोक्त मंत्र म्हटले जात असल्याचे ध्यानात आल्यावर शाहू महाराजांनी नुसते ‘मम’ म्हणायचे नाकारले. वेदोक्त प्रकरण त्यातून उभे राहिले. अहवाल न वाचता ठरावाला होकार देणाऱ्या सभासदासाठी हाच शब्द अचूक बसतो, पण तो बातमीत क्वचित दिसतो.

अनुकरणाच्या शब्दांचेही थोडे असेच. ‘कॉपी केली’ने सगळे भागवले जाते. तलाठ्याकडून नक्कल काढतात, वर्गात मास्तरांची नक्कल करतात. क्रियापद बदलले की अर्थ पालटतो. चिडवण्यासाठी केले तर ते वेडावणे. कित्ता मात्र चांगल्या अक्षराचाच गिरवतात, त्यामुळे ‘गैरव्यवहाराचा कित्ता गिरवला’ हे वाचताना खटकते.

आता ‘मंजूर’. हा अरबी शब्द ‘नजर’च्याच घरातला, मूळ अर्थ ‘पाहिलेले’. ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, लेखापरीक्षण अहवाल नजरेखालून घातला, मग मंजूर. आपल्याकडे विषयपत्रिकेचे वाचन पुरे होण्याआधीच पुढच्या रांगांतून ‘मंजूर, मंजूर’चा घोष उठतो, मागे कोणी माइक मागत असतो, आणि बाहेर विरोधकांची समांतर सभा भरते. दुसऱ्या दिवशी छापून येते, ‘सर्व विषय एकमताने मंजूर’. एकमत म्हणजे एकही विरोध नाही. आवाज मोठा कोणाचा यावर निकाल लागला असेल तर ते आवाजी मतदान. हात किंवा मते मोजली असतील तर बहुमत, आणि मग आकडा द्यावा.

कायद्याने या सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत घ्याव्या लागतात. हंगाम अजून संपलेला नाही. निदान उरलेल्या सभांच्या बातम्यांत प्रत्येक ठरावाचा सूचक कोण, अनुमोदक कोण, किती जण बोलायला उठले, कितींना माइक मिळाला आणि सभा किती मिनिटांत आटोपली, एवढे छापावे. आणि सभासदांनी ‘मम’ म्हटले असेल तर मथळ्यात ‘मम’च लिहावे.

– एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर