कळांचा फोन हवा

मा. संपादक,
स.न.

परभणीच्या मोंढ्यात अडत दुकानावर मुनीम म्हणून काम करताना सौदा चालू असेपर्यंत नजर कापसाच्या ढिगावर ठेवावी लागते. अशा वेळी काचेच्या फोनवर घामेजलेला अंगठा घसरतो आणि नोंद चुकते. म्हणून २०१८ साली आलेला, खऱ्या कळा असलेला ब्लॅकबेरी की-टू हा फोन मी मुद्दाम निवडला. कळेचा उंचवटा बोटाला जाणवतो, त्यामुळे न पाहताही अक्षर बरोबर पडते. टॅबलेटने मात्र दोन्ही हात अडकतात. ४ जानेवारी २०२२ रोजी ब्लॅकबेरीच्या जुन्या प्रणालीवरील फोनांची सेवा बंद झाली. अँड्रॉइडवर चालणारा असल्याने माझा फोन वाचला, पण त्याची बॅटरी आता इकडे मिळत नाही. कंपन्यांनी इन्स्क्रिप्ट या भारतीय लिपींसाठीच्या प्रमाण कळ-मांडणीनुसार देवनागरी अक्षरे छापलेल्या कळांचा फोन काढावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, परभणी