शरणपूरचा वारसा आणि न्याय्य व्यापार

महोदय,

द्राक्षांचा हंगाम आला, की बागेतून माल उचलून पैसे न देताच पसार झालेल्या व्यापाऱ्यांच्या बातम्या येतात. त्यावर शेतकरी संघटना बोलतात, मात्र नाशिकच्या ख्रिस्ती मंडळ्यांनी काही म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही. हे मौन अधिकच खटकते, कारण एकोणिसाव्या शतकात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना याच शहरातील शरणपूरच्या मिशनने आसरा दिला होता. व्यापार माणसाचे काय करू शकतो, हे आपल्या पूर्वजांनी डोळ्यांनी पाहिले आहे.

बायबलमधील लेवीय 19:36 खरा तराजू आणि खरी वजने ठेवण्यास सांगते. पण प्रवचनांत तो उतारा कांद्याच्या हिशोबपट्टीतील हमाली-तोलाईच्या कपातीपर्यंत क्वचितच पोहोचतो. जर्मनीत 1975 साली चर्चशी संलग्न संस्थांच्या पुढाकाराने 'गेपा' ही न्याय्य व्यापाराची, म्हणजे उत्पादकाला रास्त मोबदला देणारी, कंपनी उभी राहिली. आपल्याला कंपनी काढायची गरज नाही. मंडळीच्या समितीने परवाना आणि अनामत असल्याशिवाय कोणालाही द्राक्षखरेदी करू देऊ नये, असे लेखी निवेदन बाजार समितीला व जिल्हाधिकाऱ्यांना द्यावे, आणि डिसेंबर 2023 मधील कांद्यावरच्या बंदीसारखी अचानक निर्यातबंदी लादण्यापूर्वी शेतकऱ्यांना पुरेशी मुदत मिळावी, असा आग्रह खासदारांकडे धरावा. कापणीच्या सणाला चर्चमधील भाजीच्या लिलावात आपण हौसेने चढी बोली लावतो (बाजार समितीत असे कोणी करीत नाही!), त्याच दिवशी या निवेदनावर सह्या घेता येतील.

— एक वाचक, नाशिक