डेस्कटॉपवरचा शेजार

महोदय,

प्रोग्रॅम वापरताना गाडे अडले, तर त्याच खिडकीत इतर वापरकर्त्यांना विचारता यावे, ही कल्पना जुनी आहे. संगणकाचा डेस्कटॉप तयार करणाऱ्या केडीई या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या २००८ सालच्या परिषदेत फ्रँक कार्लित्शेक यांनी ती ‘सोशल डेस्कटॉप’ या नावाने मांडली आणि तिच्यासाठीचे तांत्रिक नियमही सर्वांना खुले ठेवण्यात आले. उबुंटू या मुक्त संगणकप्रणालीच्या २०१० मधील आवृत्तीत तर वरच्या पट्टीतील मेन्यूतूनच ट्विटरवर लिहिता येत असे. पुढे तो मेन्यू गेला, आणि माझ्या मते त्याचे फारसे कोणाला वाईटही वाटले नसावे.

टिकली ती देवाणघेवाण. केडीईच्या सेटिंग्जमधून इतरांनी केलेली वॉलपेपर व थीम (म्हणजे डेस्कटॉपचे रूप बदलणारे संच, ज्यांत चालणारा कोडही असू शकतो) आजही थेट उतरवता येतात. परंतु शेजाऱ्याने दिलेली वस्तूही पारखून घ्यावी लागते: मार्च २०२४ मध्ये अशाच एका थीममधील सदोष आज्ञेमुळे एका वापरकर्त्याच्या फायली पुसल्या गेल्या. त्यामुळे चित्रे आणि चालणारा कोड एकाच यादीत न ठेवता, कोड असलेल्या वस्तूंची आधी तपासणी व्हावी आणि डेस्कटॉपवरील प्रत्येक सामाजिक सोय मुळात बंद असून वापरकर्त्याने मागितल्यावरच सुरू व्हावी.

आपला,
एक संगणक वापरकर्ता