तक्रार: अनेक एक्सएमएल फाइली जोडताना चुकीचं पुस्तक छापणं, वर ‘यशस्वी’ असा शेरा देणं

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा व उत्पादन विभाग

महोदय,

तुमच्या हेल्पलाइनवरचा फोन आत्ताच ठेवला आणि हे लिहायला बसले. तेवढ्यात तिकीट बंद केल्याचा मेलही येऊन पोचला. ‘ग्राहकाचे समाधान झाल्याने तक्रार बंद’ असं त्यात म्हटलं आहे. कोणत्या ग्राहकाचं, तेही कळवलं असतं तर बरं झालं असतं.

सॉफ्टवेअर तुमचं आहे, त्यामुळे ते काय करतं हे मी तुम्हाला समजावत बसत नाही. ते काय करत नाही एवढंच सांगते.

आम्ही यंत्रांच्या देखभालीच्या पुस्तिका तयार करतो. फाइली एक्सएमएलमध्ये, म्हणजे मजकुराच्या प्रत्येक भागाला टॅग लावून लिहिलेल्या. त्यांत एक मुख्य फाइल असते. प्रत्येक प्रकरण वेगळ्या फोल्डरमध्ये, वेगळ्या फाइलीत, स्वतःच्या चित्रांसकट असतं, कारण लिहिणारी माणसंही वेगळी असतात. धोक्याच्या सूचना एका सामाईक फाइलीत असतात आणि लागेल तिथे ओढून घेतल्या जातात. सगळं जोडून एक पीडीएफ काढायची, हेच काम. तुमच्या माहितीपत्रकात पहिल्याच पानावर या सोयीचं कौतुक आहे आणि ते वाचूनच आम्ही लायसन्स घेतलं.

जुन्या व्हर्जनमध्ये आम्ही बाहेरच्या एंटिटी, म्हणजे दुसऱ्या फाइलीचा मजकूर आत ओढणाऱ्या खुणा, वापरायचो. १९९८ च्या एक्सएमएल १.० पासून चालत आलेली पद्धत. तिची अडचण अशी की अशा फाइलीच्या डोक्यावर स्वतःचा डॉकटाइप, म्हणजे ती कोणत्या नियमांनी तपासायची हे सांगणारी ओळ, चालत नाही, म्हणजे सुटं प्रकरण सुटं तपासता येत नाही. पण चालायचं. नव्या व्हर्जनमध्ये तुम्ही बाहेरच्या एंटिटी बंद केल्या. कारण पटलं. कुणीतरी पाठवलेल्या फाइलीतली एंटिटी सर्व्हरवरची नको ती फाइल वाचून बाहेर आणू शकते, तेव्हा ते दार बंद केलंत ते बरंच केलंत. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तुम्ही कळवलंत की आता एक्सइन्क्लूड, म्हणजे फाइलीत फाइल जोडायची प्रमाणित पद्धत, वापरा. आम्ही आनंदाने वापरलं. हे काही काल आलेलं खूळ नाही, वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू३सीची शिफारस २००४ ची आहे आणि दुसरी आवृत्ती २००६ ची. एवढ्या वर्षांत तुमच्यापर्यंत पोचली असेल असं आम्ही धरून चाललो.

आता मूळ दुखणं.

एक्सइन्क्लूडने फाइल आत घेतली की ती कुठून आली याची नोंद म्हणून तिच्या वरच्या टॅगवर एक्सएमएल-बेस हे ॲट्रिब्यूट लागतं. शिफारशीतच तसं आहे आणि त्यामागे अर्थ आहे. प्रकरणाच्या फाइलीत चित्राचा पत्ता त्या प्रकरणाच्या फोल्डरपासून दिलेला असतो. जोडणी झाल्यावर तो पत्ता कुठून मोजायचा, हे बेस सांगतं. आमचा डीटीडी, म्हणजे कोणते टॅग आणि ॲट्रिब्यूट चालतील याची नियमावली, आमच्या ग्राहकाने ठरवून दिलेला आहे आणि त्यात या ॲट्रिब्यूटला जागा नाही. त्यामुळे जोडणीनंतरच्या तपासणीत प्रत्येक प्रकरणावर एरर. ही अडचण जुनी आहे, एक्सएमएलमध्ये काम करणाऱ्या कुणालाही माहीत असते. तुमच्या लोकांनी उपाय दिला: सेटिंगमध्ये जाऊन ‘बेस ॲट्रिब्यूट काढून टाका’ यावर टिक करा. केलं. एरर गेले. हिरवी खूण आली, ‘बिल्ड यशस्वी’, म्हणजे पीडीएफ नीट तयार झाली.

आणि पुस्तक चुकलं.

आमच्या प्रत्येक फोल्डरमध्ये ‘चित्र-०१’ नावाची फाइल असते. असणारच, प्रत्येक लेखक आपापल्या प्रकरणात एकपासून मोजतो. बेस काढल्यावर तुमचं सॉफ्टवेअर चित्र मुख्य फाइलीच्या फोल्डरमध्ये शोधतं. तिथे नाही मिळालं तर एरर द्यावा की नाही? तसं नाही. ते स्वतःच्या हुशारीने सगळे फोल्डर पालथे घालतं आणि त्या नावाचं जे चित्र पहिलं हाती लागेल ते छापून मोकळं होतं. देखभालीच्या प्रकरणात मजकूर आहे, ‘काम सुरू करण्यापूर्वी झडप बंद करा, चित्र पाहा.’ खाली छापलं गेलं यंत्राच्या जोडणीच्या प्रकरणातलं चित्र. तीच झडप, तोच कोन, तशाच जाड रेषा, फक्त बाण उघडण्याच्या दिशेने. पुस्तिका हातात घेऊन यंत्राशी उभा असलेला माणूस मजकूर वाचत नाही, चित्र पाहतो. आमच्या मुद्रितशोधकाची नजर त्या बाणावर अडखळली म्हणून ते पान बाहेर गेलं नाही. तुमच्या लॉगमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअर ठेवतं त्या कामाच्या नोंदीत, त्या चित्राबद्दल एक अक्षर नाही. पुन्हा सांगते, एक अक्षर नाही. शेवटची ओळ तेवढी आहे: ‘यशस्वी’.

आयडींचंही, म्हणजे दुवे जोडण्यासाठी भागांना दिलेल्या नावांचंही, तेच. एका दस्तऐवजात एक आयडी एकदाच, हा नियम एक्सएमएलइतकाच जुना. सूचनांची सामाईक फाइल दोन ठिकाणी घेतली की आयडी दुप्पट होतात, हे उघड आहे. तुमचं सॉफ्टवेअर दुसऱ्या ठिकाणचं नाव गुपचूप बदलतं आणि आतले दुवे पहिल्याकडेच ठेवतं. वाचक सातव्या प्रकरणात दुव्यावर क्लिक करतो आणि दुसऱ्यात जाऊन पडतो. याची तक्रार मी आधीही लिहून पाठवली आहे, तुमच्या नोंदीत सापडेल, म्हणून इथे थांबते.

बिल्ड अडलं तर मला राग येत नाही. एरर वाचायचा, दुरुस्त करायचं, हेच तर आमचं काम आहे. चुकीचं जोडून वर हिरवी खूण दाखवणं, हे मात्र निव्वळ खोटं बोलणं आहे. फाइलीचं नाव चुकलं, फाइल जागेवर नाही आणि फॉलबॅक, म्हणजे पर्यायी मजकूरही, लिहिलेला नाही, तर ती घातक चूक धरावी, असं एक्सइन्क्लूडच्या शिफारशीत स्पष्ट लिहिलेलं आहे. तुम्ही काय करता? प्रकरण गाळता. अख्खं प्रकरण! पुढच्या प्रकरणांचे क्रमांक एकाने कमी होतात, अनुक्रमणिका त्याप्रमाणे नीट जुळते, पानं व्यवस्थित लागतात. इतकी सफाईदार चूक की मोजून पाहिल्याशिवाय कळू नये.

हे सगळं दाखवायला मी एक छोटा नमुना तयार करून पाठवला. मुख्य फाइल, दोन फोल्डर, प्रत्येकात एक प्रकरण आणि एक चित्र, चित्रांची नावं सारखी. उत्तर आलं: ‘आमच्याकडे ही अडचण दिसत नाही.’ सोबत स्क्रीनशॉट. तो मी जपून ठेवला आहे. त्यात तुमच्या सॉफ्टवेअरची खिडकी आहे, डावीकडे फक्त मुख्य फाइल आहे, फोल्डर नाहीतच. झिपमधून तेवढी एकच फाइल बाहेर काढलेली दिसते. उजवीकडे तयार झालेली पीडीएफ: एक पान, वर शीर्षक, खाली कोरं. आणि कोपऱ्यात हिरवी खूण. म्हणजे जोडायच्या दोन्ही फाइली जागेवर नसताना तुमच्याच टेबलावर, तुमच्याच माणसासमोर, तुमच्याच सॉफ्टवेअरने ‘यशस्वी’ म्हटलं, आणि त्याने त्याचा फोटो काढून मला पुरावा म्हणून पाठवला. माझ्याहून चांगली तक्रार त्यानेच लिहिली आहे.

म्हणून आज फोन केला. बराच वेळ संगीत ऐकल्यावर तुमचे ‘वरिष्ठ तांत्रिक सल्लागार’ आले. संभाषण जसं झालं तसं देते. रेकॉर्डिंग तुमच्याकडे असेलच, ‘गुणवत्तेसाठी’ करता ना?

“मॅडम, तुमच्या फाइली किती आहेत?”

“चाळीसेक.”

“एवढ्या कशाला ठेवल्यात?”

मी म्हटलं, प्रत्येक प्रकरण वेगळा माणूस लिहितो.

“हो, पण लिहून झाल्यावर एकच करून टाकायची ना. सगळं सिलेक्ट करायचं, कॉपी, पेस्ट.”

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, या वेळी जरा सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं. कॉपी. मग पेस्ट. मी म्हटलं, प्रत्येक फाइलीच्या वर एक्सएमएलची घोषणा आहे, डॉकटाइप आहे. एका दस्तऐवजात डॉकटाइप एकच चालतो, घोषणा अगदी पहिल्या ओळीतच चालते. तुमचाच पार्सर ते वाचणार नाही.

“ते वरचं काढून टाका.”

चाळीस फाइलींतून. दर आवृत्तीला. बरं, म्हटलं. आणि धोक्याच्या सूचनांची फाइल? ती अनेक ठिकाणी येते.

“जिथे जिथे हवी तिथे तिथे पेस्ट करायची.”

“आणि सूचना बदलली तर?”

इथे ते थोडे थांबले. मला वाटलं, आता कळलं असेल.

“फाइंड-रिप्लेस आहे ना, मॅडम.”

मी विचारलं, मग तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइली जोडायची सोय आहे ती कशासाठी? ते म्हणाले, “ती ॲडव्हान्स्ड युजरसाठी आहे.” त्यानंतर त्यांनी माझी शंका दूर झाली का ते विचारलं, मी नाही म्हणून सांगितलं, त्यांनी धन्यवाद म्हटलं, आणि कॉल संपल्यावर मेसेज येईल त्यात पाच स्टार द्यावेत अशी विनंती केली. मी नाही म्हटलं होतं. स्पष्ट. रेकॉर्डिंग ऐका.

त्या गृहस्थांवर माझा राग नाही. त्यांना कुणीतरी ठरलेल्या उत्तरांचा कागद वाचायला दिला आहे आणि फाइल म्हणजे काय हे कुणी सांगितलेलं नाही. राग आहे तो त्यांना ‘वरिष्ठ’ म्हणून बसवणाऱ्यांवर. जुन्या काळी तुमचं सॉफ्टवेअर एक टॅग बंद करायचा राहिला तरी ओळ क्रमांक सांगून तिथेच थांबायचं. आम्ही वैतागायचो, पण विश्वास ठेवायचो. त्या विश्वासावर मी दोन ठिकाणी तुमची शिफारस केली. आता त्या लोकांना तोंड कसं दाखवू?

आजची स्थिती अशी की आम्ही जोडणी तुमच्या सॉफ्टवेअरकडून करून घेतच नाही. लिबएक्सएमएल२ या एक्सएमएलच्या मुक्त संचाबरोबर फुकट मिळणारं एक्सएमएललिंट हे तपासणीचं साधन आधी चालवतो. ते एक्सइन्क्लूडने दाखवलेल्या फाइली जोडतं. फाइल सापडली नाही तर कोणती सापडली नाही ते नावासकट सांगतं. मग आमची एक छोटी स्क्रिप्ट बेसच्या आधाराने चित्रांचे पत्ते पूर्ण करते, त्यानंतर बेस काढते, आणि अशी शिजवून तयार केलेली एकच फाइल तुमच्या महागड्या सॉफ्टवेअरच्या ताटात वाढतो. ही स्क्रिप्ट आमच्याकडच्या शिकाऊ मुलीने लिहिली. तिला जे दुपारभरात जमलं ते तुमच्या उत्पादन विभागाला का जमू नये, याचं उत्तर मला हवं आहे.

मागण्या फार नाहीत. बेस काढायचंच असेल तर आधी त्यावरून चित्रांचे पत्ते पूर्ण करा, मग काढा. फाइल किंवा चित्र मिळालं नाही तर बिल्ड थांबवा. नावावरून दुसऱ्याच फोल्डरमधलं चित्र उचलायचं तर आमची परवानगी घेऊन उचला. बदललेल्या आयडींची यादी लॉगमध्ये द्या. आणि ती हिरवी खूण खरोखर सगळं जमलं असेल तेव्हाच दाखवा.

या महिनाअखेरपर्यंत लेखी उत्तर हवं आहे, आणि ते या फाइली स्वतः उघडून पाहिलेल्या माणसाचं हवं आहे. उत्तर आलं नाही तर लायसन्सचं नूतनीकरण होणार नाही, उरलेल्या मुदतीचे पैसे मी परत मागेन, आणि नमुना व तुमचा तो स्क्रीनशॉट शेजारी शेजारी ठेवून तुमच्या इतर ग्राहकांना दाखवेन. त्यांच्या पुस्तिकांतही झडपा असतील. हवं तर याला धमकी समजा. पाच स्टारऐवजी एवढंच देता येईल.

आपली,
तांत्रिक दस्तऐवज विभागप्रमुख
(परवाना क्रमांक आणि बंद केलेली सगळी तिकिटं तुमच्याकडे आहेत.)

सोबत: नमुन्याची झिप, पुन्हा एकदा. या वेळी फोल्डरसकट उघडावी.